कोऱ्या तळांचे बूट

घड्याळजीला सिनेमाचा कंटाळा चौथ्याच दिवशी आला होता, आणि आज तर एकविसावा दिवस होता. चाकाच्या खुर्चीतला माणूस वळतो कसा, ब्रेक लावतो कसा, लाजतो कसा, हे नायकाला शिकवायचं, एवढंच त्याचं काम. नायक धडधाकट. शॉट संपला की खुर्चीतून टुणकन उठून चहाला पळायचा. "खुर्चीतल्याचं काम खुर्चीतल्यानंच का करू नये?" असं घड्याळजीनं सुरुवातीलाच विचारून पाहिलं होतं. दिग्दर्शिका गोड हसली होती. "अहो, बघायला कोण येणार?"

गोष्ट मात्र त्याचीच होती. एक मुलगी एकच गजराचं घड्याळ तीनदा दुरुस्तीला आणते, आणि तिसऱ्या वेळी दुकानदाराच्या डोक्यात प्रकाश पडतो की स्क्रू तीच सैल करून आणतेय. दिग्दर्शिका आपलं घड्याळ न्यायला दुकानात आली, तेव्हा घड्याळजीच्या बायकोनं हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. वर एक अटही घातली होती. "शेवटी तुमचा हिरो उठून उभा राहायचा नाही. आमचे हे काही उठले नव्हते, तरी लग्न झालंच की." दिग्दर्शिकेनं शब्द दिला. त्या एका शब्दावर घड्याळजी एकवीस दिवस तग धरून होता. पडद्यावर एकदा तरी आपल्यासारख्याचं बसल्या बसल्या जमलेलं बघायचं होतं त्याला.

बुटांचा विषय त्यानंच काढला होता. नायकाच्या बुटांचे तळ झिजलेले, चिखलानं माखलेले दिसत होते. "आमचे तळ कधी झिजत नाहीत," असं म्हणून त्यानं आपले दाखवले. अकरा वर्षांचे बूट, पण खाली नंबराचं स्टिकरसुद्धा शाबूत. दिग्दर्शिका हरखली. मापही जुळलं. तेव्हापासून बूट नायकाच्या पायात आणि घड्याळजी दिवसभर नुसत्या मोज्यांवर.

एकविसाव्या दिवशी दिग्दर्शिका नवा कागद घेऊन आली, तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"नायिका निघून चाललीय. तो उठतो. चारच पावलं हो."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मलाही पटत नाहीये. पण वरच्यांना शेवटी टाळ्या हव्यात." ती जरा घुटमळली. "उठताना हात कुठे टेकवायचे, तेवढं त्याला दाखवाल?"

"ते मला येत नाही," घड्याळजी म्हणाला.

त्याला राग आला. पण तो इतका दमला होता, की रागही धड टिकला नाही. सात वेळा नायक उठला, सात वेळा खडीवरून चार पावलं चालला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाल्यानं तर डोळे पुसले. नायक माणूस चांगला होता, बूट स्वतः आणून दिले. "मस्त बसले हो पायात," म्हणाला.

घरी बायको रोजच्यासारखी त्याचे बूट काढायला खाली बसली. ते बूट कपाटात, धुतलेल्या कपड्यांशेजारी राहायचे. घाण व्हायचा प्रश्नच नव्हता. आज तिनं एक हातात घेतला आणि उलटा केला. तळ खरवडलेला, स्टिकर गायब, टाचेत खडा रुतलेला.

"अहो, हे काय?"

घड्याळजीनं खुर्चीचा ब्रेक लावला.

"उठला?"

"चार पावलं."

बूट मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. हिरो उठणार नाही, हे तिनं सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं.

"तीनदा घड्याळ बिघडवलं मी," ती शेवटी म्हणाली. "ते काय चालणाऱ्यासाठी?"

त्याला वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. तिनं त्याचे मोजे काढले, पाय पुसले, पांघरूण घातलं. मग दोन्ही बूट उचलले, आणि कपाटाकडे न जाता दार उघडून, येणारेजाणारे चपला काढतात तिथे बाहेर ठेवून आली.