पेन्सिलची खूण

"ताई, सगळ्यांना आवडलंय. आता तुम्ही एकट्याच का अडून बसलात?" संयमने विचारलं आणि वेफरची बशी माझ्यापुढे सरकवली.

सावद्यात केळीच्या व्यापारात त्याच्या घराचं नाव जुनं. खाली आजोबांची, उत्तमचंद आबांची गादी आणि वर नातवाचा हा एसी हॉल, भिंतीएवढा टीव्ही. 'खान्देश क्रिप्टो कट्टा' नावाचा त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. माणसं इतकी वाढली की कोणी काय विचारलं तेच सापडेना. म्हणून आता स्वतःचा फोरम काढायचा होता. लिहिलेलं जागेवर राहील, मागचं कधीही उघडून वाचता येईल. त्याला सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, यासाठी ही बैठक.

मी दिपमाला. बसस्टँडसमोर माझं सेतू केंद्र आहे. उतारे, दाखले, पीकविमा. लोक फोन घेऊन काउंटरवर यायचे, "ताई, या कॉइनमध्ये टाकू का?" मी वाचायचे, शोधायचे आणि बहुतेक वेळा नको म्हणून सांगायचे. त्यावरून संयमने मला ग्रुपची मॉडरेटर केलं. फुकटात, अर्थात. वर म्हणाला, "तुमच्या शब्दाला किंमत आहे, ताई." मूर्खासारखी मी खूश झाले होते.

टीव्हीवर दोन सॉफ्टवेअर होती. पहिलं अगदी रुक्ष, रंग ना रूप. पण त्यात कुणाचंही लिहिलेलं कुणीही बदललं, अगदी मालकाने बदललं, तरी शेजारी छोटी पेन्सिल उमटायची. तिच्यावर बोट ठेवलं की आधी काय लिहिलं होतं ते सगळ्यांना दिसायचं. ती खूण बंद करायची सोयच नव्हती. दुसरं सॉफ्टवेअर रंगीत. त्यात पेन्सिल ठेवायची की नाही ते मालकाच्या हातात. पण वरून एक पट्टी धावायची, कोणतं कॉइन आज कितीला.

पट्टी दिसली आणि रावेर-सावद्याचे जमलेले सगळे बाप्ये हरखले. "अरे, हा तर बोर्डभावच झाला!" आमच्याकडे केळीचा भाव रोज बोर्डावर लागतो. आणि त्या भावाने कुणाची केळी कापली गेलेली मी तरी पाहिली नाही. व्यापारी बागेत येतो, घडाला हात लावून नाक मुरडतो आणि बोर्डापेक्षा कमीच देतो. रोज त्यावरून शिव्या घालणारे हेच लोक. तरी बोर्ड दिसला की यांचा जीव थंड होतो. कपाळावर हात मारून घेतला मी.

"मला एकच सांग," मी संयमला म्हटलं, "दुसऱ्यात माझं लिहिलेलं तुला बदलता येईल ना?"

"अॅडमिनला सगळंच करता येतं, ताई. पण मी कशाला बदलू?"

"मग पहिलं घे."

"पट्टीशिवाय कोण येणार तिथं? पेन्सिल चालूच ठेवतो ना. आबांसमोर शब्द देतो. बस?"

उत्तमचंद आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवली. "दिला म्हणजे दिला, बाई."

या माणसाने उभ्या बागा तोंडी सौद्यावर घेतलेल्या. माझ्या सासऱ्यांचीही घेतली होती. कापणीच्या तोंडावर भाव आपटला, तरी आबांनी बोलला तोच दर दिला होता. बोर्डभावाला न जुमानणारा एकच माणूस आमच्या घराला माहीत होता, तो हा. मी दुसऱ्या सॉफ्टवेअरला हो म्हटलं.

पहिले काही महिने बरे गेले. लोक विचारायचे, मी उत्तर द्यायचे. सोपं लिहायचे, आणि शेवटी नेहमीचं एक वाक्य, 'शंका असेल तर काउंटरवर या.' कधी घाईत माझंच काही चुकलं, मी दुरुस्त केलं, की पेन्सिल उमटायची. बरं वाटायचं बघून.

मग फोरमवर 'सातपुडा टोकन' आलं. कोणी काढलं, कुठून चालतं, काही पत्ता नाही. वरच्या पट्टीत मात्र ते सगळ्यात पुढे. मी दोन दिवस शोधलं आणि लिहिलं, 'याची माहिती मला कुठेच मिळाली नाही. घेऊ नका. शंका असेल तर काउंटरवर या.'

काही आठवड्यांनी बेबाबाई आली. आमच्याच गल्लीत राहते. नवऱ्यामागे तिने केळीची बाग एकटीने सांभाळली. वाचता येत नाही. माझ्याकडे आली की कागदाकडे बघायचीसुद्धा नाही, "तू म्हनशीन तिथी अंगठा," म्हणायची. तिने काउंटरवर पिशवी ठेवली.

"हे घे व माय. घरचे वेफर हायेत."

"कशाबद्दल, अक्का?"

"तुह्या सांगन्यावरूनच तं माह्या पोरानं, तेजसनं ते सातपुडा घेतलं. ठिबकच्या नळ्याईले ठेवले व्हते, तेच पैसे टाकले. रोज वर चाललं म्हने."

"मी सांगितलं?"

"मंग? वाचून दाखोलं त्यानं मले. तुह्या फोटूसगट."

मी फोरम उघडला. माझा फोटो, माझं नाव. खाली लिहिलेलं, 'याची सगळी माहिती मी पाहिली आहे. घेऊन ठेवा. शंका असेल तर काउंटरवर या.' शेवटचं वाक्य संयमने तसंच ठेवलं होतं. शेजारी पेन्सिल नव्हती.

"अक्का, हे माझं नाही. तेजसला सांगा, आत्ताच्या आत्ता पैसे काढ म्हणावं."

बेबाबाईचा चेहरा पडला. "व माय! तूनंच घ्या म्हनलं, आता वर चाललं तं तूच काढा म्हनते? एक काहीतरी सांग ना."

"मी घ्या म्हटलंच नव्हतं, अक्का!"

"मंग ते फोटूखाली कोनाचं हाये?" तिने विचारलं. तिचं काय चुकलं?

मी शटर अर्धं ओढलं आणि तडक संयमकडे गेले. तो हसला. "डेटा इकडेतिकडे झाला असेल, ताई. बग असतो कधी कधी."

"बगाला मराठी येतं? 'घेऊन ठेवा' असं बग लिहितो? आणि पेन्सिल कुठं गेली?"

"अपडेटमध्ये गेली असेल. बघतो."

काय बघणार! मी फोरमवर खुलासा टाकला, तो संध्याकाळपर्यंत गायब. दुसऱ्या दिवशी माझा पासवर्डच चालेना. पोलिसांत तक्रार द्यायला गेले, तर विचारलं, आधी काय लिहिलं होतं त्याचा फोटो आहे का. कुठून आणू? आपलंच बोलणं कोणी फोटो काढून ठेवतं का? काउंटरवर पाटी लावली, 'सातपुडा टोकनबद्दल मी लिहिलेले नाही.' लोक वाचायचे आणि आपसात बोलायचे, "ताईचं आणि संयमशेठचं फाटलेलं दिसतं."

ज्याच्या सांगण्याला गावात वजन होतं, असा एकच साक्षीदार होता, आबा. मी त्यांच्या गादीवर गेले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मला यातलं काय कळतं? तुमचं ते मोबाईलमधलं."

"आबा, शब्द मोबाईलमध्ये नव्हता दिला. तुमच्यासमोर दिला होता. चार लोकांत एवढंच सांगा, की संयमने शब्द दिला होता आणि तो पाळला नाही."

ते गादीवरच्या चादरीची चुणी सरळ करत राहिले. ती सरळ झाली तरी हात फिरवत राहिले.

"नातू आहे माझा," शेवटी एवढंच म्हणाले.

मला त्यांच्या वयाची, पिकल्या केसांची, कशाचीच कीव आली नाही. रागाने डोळ्यांत पाणी आलं आणि ते या माणसासमोर आलं, याचा आणखी राग आला. मी उठून रस्त्यावर आले.

पुढे व्हायचं ते झालं. पट्टी लाल झाली आणि एक दिवस सातपुडा तिच्यावरून नाहीसंच झालं. पैसे काढायचं बटण दाबलं की गोल फिरत राहायचं. संयमने सगळ्यांना सांगितलं की त्याचेही बुडाले. लोकांनी त्यालाच धीर दिला. मला कोणी शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर मी निदान उलट बोलले असते.

पीकविम्याचे दिवस आले. बेबाबाई आली. यंदा तिच्या बागेत जुन्याच नळ्या आहेत, गळतात तिथे चिंध्या बांधलेल्या. मी तिचा अर्ज भरला, स्वयंघोषणापत्राची प्रिंट काढली आणि शाईचं पॅड उघडून पुढे ठेवलं.

"अक्का, इथे अंगठा."

तिने हात पुढे केला नाही. कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "राग नको मानू व माय. जरा दुसऱ्या कोनाले वाचून घेते."

ती रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. तो मोठ्याने वाचत होता. तिचं नाव, गट नंबर, केळी. ती मान हलवत होती. पॅडची शाई वाळू नये म्हणून मी झाकण लावलं. ती परत येताना दिसली, तेव्हा पुन्हा उघडलं.