याआधीचे अपघात

नवऱ्याने अर्ज टेबलावरून स्वतःकडे ओढला आणि खिशातलं पेन काढलं.

"हिचं प्लास्टर कालच सुटलंय," तो म्हणाला. "बोटं अजून नीट वळत नाहीत. मीच भरतो."

टेबलापलीकडच्या बाईंनी मान हलवली. पन्नाशी ओलांडलेल्या, रुंद खांद्यांच्या, केस बारीक कापलेले. मोटारसायकल शिकवणाऱ्या त्याच होत्या आणि अर्ज घेणाऱ्याही त्याच. पत्र्याच्या खोलीत भिंतीभर खिळ्यांना हेल्मेटं टांगलेली होती, खिडकीत हातमोजे वाळत पडले होते. बाहेर मैदानावर कुणीतरी गाडी पुन्हा पुन्हा बंद पाडत होतं.

नाव, वय, रक्तगट. तो भराभर लिहीत गेला. 'याआधीचे अपघात' या रकान्याशी पोचल्यावर थांबला, हसला आणि ठसठशीत तीनचा आकडा काढला.

"आमची ही गाडीवर बसली की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. मीच शिकवत होतो, पण शेवटी हात टेकले."

बाईंनी अर्जाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "मनगट मोडलं तेव्हा कोणत्या बाजूला पडलात?"

"उजव्या," नवरा म्हणाला.

"मी यांना विचारलं."

"उजव्या," ती म्हणाली.

ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या उजेडासमोरून सरकत यायच्या आणि तडा गेलेली बाटली उचलून तिने शेजारच्या पिंपात टाकायची. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. कारखान्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत. दीड वर्षात भिंग तीनदा रजेवर गेली. आधी दोन दात, मग गळ्याचं हाड, मग मनगट. तिन्ही वेळा रजेच्या अर्जावर एकच कारण होतं: गाडी शिकताना पडले. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी सज्जन आणि काटेकोर होते. त्यांनी फाईल उघडून तिला समोर बसवलं आणि सांगितलं, तीन महिन्यांत रीतसर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर कामावर येऊ नका. "शिकायचं तर नीट शिका हो. एक दिवस जिवावर बेतेल तुमच्या."

तिने आयुष्यात कधी मोटारसायकल सुरूसुद्धा केली नव्हती. दात त्याने मारलेल्या पान्याच्या फटक्याने पडले होते. गळ्याचं हाड कपाटाच्या कडेवर आपटून मोडलं. मनगट त्याने दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं. गाडीचं कारण मात्र त्याच्याच डोक्यातून निघालेलं. पहिल्या वेळी तिचं रक्ताळलेलं तोंड ओल्या फडक्याने हळुवार पुसत तो म्हणाला होता, "गाडीवरून काय, कुणीही पडतं."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढताना आतल्यांशी असे विनोद करायचा, की घाबरलेली माणसंही हसत बाहेर यायची. आसपासच्या सगळ्या इमारतींत त्याला मान होता.

अर्ज देऊन निघताना मैदानाच्या फाटकाशी त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती जीव आहे. त्याचा अंगठा मानेच्या शिरेत रुतला होता.

"शिकायच्या भानगडीत पडू नकोस. बारा रविवार यायचं, कागद घ्यायचा, विषय संपला. कळलं?"

"हो."

पहिल्या रविवारी सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. बाईंनी सांगितलं, क्लच दाबा. बाकी पाच जणांनी दाबला. तिने दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघितलं आणि उजवा दांडा धरला.

बाईंनी बाकीच्यांना गाड्या ढकलत मैदानाच्या टोकापर्यंत नेऊन आणायला पिटाळलं. मग तिच्याजवळ आल्या.

"तो ब्रेक. क्लच डाव्या हाताला. तीनदा पडलेल्या माणसाला एवढं तरी माहीत असतं."

तिने उजवा दांडा सोडून दिला.

"वीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली मी. रस्त्यावरून माणसं उचलली. गाडीवरून पडणारा आधी हात टेकतो. तळवा सोलवटतो, ढोपर सोलवटतं, मग हाडाचं काय व्हायचं ते होतं. दाखवा तुमचे तळवे."

तिने हात पुढे केले. काचेने पडलेले जुने बारीक ओरखडे सोडले तर तळवे स्वच्छ होते. बाईंनी ते क्षणभर बघितले आणि तिची बोटं तिच्याच मुठीत मिटवून परत दिली.

"सांगायचं असेल तेव्हा सांगा, मी ऐकेन. नसेल सांगायचं तर गाडी शिका. ती मला शिकवता येते."

ती गाडी शिकली. तिलाही नवल वाटलं. दीडशे किलोचं लोखंड दोन मांड्यांमध्ये धरून ते आपल्याला हवं तिकडे जातं, हे तिच्या अंगाला आधी पटेचना. दुसऱ्या रविवारी गाडी वीसदा बंद पडली, तिसऱ्या रविवारी सहादा. चौथ्या रविवारी ती मैदानावर मांडलेल्या शंकूंच्या रांगेतून नागमोडी गेली आणि पलीकडे पोचल्यावर कळलं, की एवढा वेळ आपण श्वासच घेतला नव्हता. बाई एकच गोष्ट घसा फोडून सांगत, "खड्ड्याकडे बघू नका! बघाल तिकडेच जाल!"

पाचव्या रविवारी ती पडली. ब्रेक जोरात लागला, खडीवर चाक सरकलं, गाडी एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. डावं कोपर आणि दोन्ही तळवे सोलून निघाले. सगळे धावले. ती खडीत पडल्यापडल्या हसत होती, इतकी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी बाटलीतलं पाणी ओतून जखमेतले खडे एकेक करून काढले.

"आता कसं, खरं पडल्यासारखं दिसतंय," त्या पुटपुटल्या.

घरी तिने बाही खाली ओढली होती. जेवायला वाढताना ती वर सरकली.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"पडले. गाडीवरून."

तो बराच वेळ त्या सोललेल्या कोपराकडे बघत राहिला. त्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या अंगावर, त्याला न विचारता झालेली जखम. सावकाश उठून त्याने तिचा दंड पकडला आणि नुकतीच धरू लागलेली खपली अंगठ्याने खरवडून काढली. ती किंचाळली तशी दुसऱ्या हाताने तोंड दाबलं. "मला विचारल्याशिवाय पडतेस?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. मग त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा. ताटं खाली गेली.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. असं काही सुरू झालं की त्या उठून कपडे धुण्याचं यंत्र लावायच्या, रिकामं असलं तरी. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशीही घरघर सुरू झाली. तिला नवऱ्यापेक्षा त्या घरघरीचा जास्त राग येई. मारणारा निदान समोर तरी असायचा.

दोन दिवसांनी सासूबाई सकाळी चहा गाळत होत्या. उजेड त्यांच्या तोंडावर सरळ पडला होता. खालचा ओठ फाटलेला होता आणि हनुवटीवर चार बोटांचे निळे ठसे उमटले होते.

"काय झालं, आई?"

"न्हाणीघरात घसरले," सासूबाई म्हणाल्या. गाळणी त्यांनी कपावर आपटून रिकामी केली आणि तिच्याकडे पाठ केली.

ती कामावर गेली. त्या दिवशी पट्ट्यावरून तडा गेलेल्या चार बाटल्या तिच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या.

नवव्या रविवारी बाईंनी वर्गाला पहिल्यांदाच रस्त्यावर काढलं. सहा गाड्या, एकामागून एक, पुढे बाई. परतताना सिग्नलला थांबल्यावर तिने हेल्मेटची काच वर केली आणि वर्गात शिकायला येणारे एक शाळामास्तर शेजारच्या गाडीवर होते, त्यांना काहीतरी सांगितलं. ते हसले, तीही हसली. सिग्नल सुटला. रस्त्याकडेच्या इमारतीच्या दाराशी नवरा हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता, हे तिला दिसलं नाही.

ती दुपारी घरी पोचली तेव्हा तो खाली वाहनतळावर स्वतःच्या मोटारसायकलला टेकून वाट बघत होता. वरच्या दोन मजल्यांवरचे शेजारी सज्ज्यात बसले होते.

"दाखव की आम्हालाही," तो मोठ्याने म्हणाला. "शिकलीस म्हणे."

तिने गाडी सुरू केली. वाहनतळाच्या खांबांमधून इंग्रजी आठसारखं वळण घेतलं, पाय न टेकवता दुसऱ्यांदा घेतलं आणि निघाली तिथेच आणून उभी केली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. वरून शेजाऱ्यांनीही वाजवल्या.

"आता वर चल," किल्ली काढून घेत तो म्हणाला.

दार लागलं. कडी लागली. तिच्या काखेतलं हेल्मेट हिसकून त्याने ते भिंतीवर मारलं, तशी काच निखळून पडली. दुसरा फटका तिच्या बरगड्यांवर बसला. ती गुडघ्यांवर आली.

"कोण होता तो?"

"वर्गातले मास्तर."

"काय सांगत होतीस त्याला?"

"काही नाही. ऊन फार आहे म्हणाले मी."

"ऊन." त्याने हेल्मेट बाजूला टाकलं, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिचा डावा हात हातात घेतला, लहान मुलाची नखं कापायला घ्यावा तसा. "क्लचचा हात हाच ना?"

त्याने करंगळी धरून मागे वाकवली. आवाज अगदी बारीक झाला. मग त्याने शेजारचं बोट धरून मुरगळलं.

किंचाळताना तिचा उजवा हात जमिनीवर काहीतरी शोधत होता. हेल्मेटचा पट्टा सापडला. तिने हेल्मेट जमिनीवरून वर फिरवलं, होता नव्हता तेवढा जीव एकवटून. ते त्याच्या तोंडावर बसलं. तो मागे कोलमडला, कपाटाला आपटला आणि तिथेच बसला. त्याने तोंडाला हात लावून बघितला. हात लाल झाला होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता. आपल्या बाबतीत असं काही होऊ शकतं, याचंच आश्चर्य त्याच्या डोळ्यांत होतं.

ती उभी राहिली. हेल्मेट अजून हातात होतं. आणखी एकदा मारावं असं तिला फार वाटलं. त्या वाटण्याने ती स्वतःच दचकली आणि दाराकडे वळली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की घरात घरघर नव्हती. सासूबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती. तो आल्याआल्या टेबलावर टाकायचा, तिथून त्यांनी ती उचलली होती.

"आई," तो जमिनीवरूनच म्हणाला. शब्द रक्तातून नीट फुटत नव्हता. "किल्ली दे इकडे."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. मग कडी काढली आणि दार उघडून धरलं.

ती जिना उतरली. मागे पावलं वाजत होती. तोच आला असं समजून ती शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारूनच उतरली. वाहनतळावर पोचून तिने वळून बघितलं. सासूबाई कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, घाईघाईने उतरत होत्या. पायांत घरातल्याच सपाता.

त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती लावून गाडी सुरू केली. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट सुजून ताठ झाली होती. ती दोन बोटं मोकळी सोडून तिने उरलेल्या दोन बोटांनी क्लच दाबून बघितला. दुखणं खांद्यापर्यंत गेलं, पण क्लच दबला.

"जाते, आई," ती म्हणाली.

सासूबाई हलल्या नाहीत. वर कुठेतरी दार आपटलं. त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं आणि हात पुढे करून गाडीच्या मागच्या सीटला लावला, गरम तवा आहे की गार ते बघावं तसा.

"पाय कुठे ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

ती बघतच राहिली. मग खाली वाकून उजव्या हाताने तिने मागची पाय ठेवायची दांडी उघडली. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर भार टाकला आणि दुसऱ्या प्रयत्नात पाय पलीकडे टाकून बसल्या. गाडी मागच्या बाजूने एकदम जड झाली. मागे माणूस असलं की गाडी कशी उचलायची आणि कशी वळवायची, हा धडा दहाव्या रविवारी होता.

"घट्ट धरा."

"कशाला धरू?"

"मला."

दोन हात तिच्या पोटाभोवती आले. एक हात नेमका दुखऱ्या बरगडीवर पडला होता, पण तिने तो काढायला सांगितला नाही. जिन्यात पावलं वाजायला लागली.

"आई, जायचं कुठे?"

"आधी फाटकाबाहेर तर काढ," सासूबाई म्हणाल्या.

तिने दोन बोटांनी क्लच हळूहळू सोडला.