बर्फाची गोष्ट काढायची नाही

"हुसेनभाय येतील तवा बरफाची गोष्ट काढायची नाय," अम्मा म्हणाली. सांदणांसाठी ती नारळ खवत होती आणि एकेका शब्दाचा राग खवणीवर काढत होती. "कबूल?"

"कबूल," अब्बा म्हणाले.

"अस्वलाची पन नाय."

"अस्वल बरफावर उभा होता, सुगरा. बरफ गेला म्हणजे तो बी गेला."

"आनि सूर्याचा तर नावच नको. जबान द्या."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. हसू आवरेना म्हणून मी ताटात आणखी वाकले. "दिली जबान," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. ते नुकतेच बर्फाच्या कारखान्यातून आले होते.

ही चौसष्ट सालच्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही कुवेतमध्ये खैतानला दोन खोल्यांत राहत होतो आणि मला एकोणिसावं लागलं होतं. हुसेनचाचांचं जहऱ्याला किराणा मालाचं दुकान होतं, मूळ गाव कोकणातलं, आमच्याच खाडीपलीकडचं. त्यांचा रफीक बंदरावर कारकून. मी त्याला एकदाच, शेजारच्या मुमताजखालांकडे पाहिलं होतं. चहा झाल्यावर त्याने आपली कपबशी आपणच उचलून मोरीत नेऊन ठेवली. तेवढ्यावर मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. पुरुषाच्या जातीने कपबशी उचललेली मी तोवर बघितली नव्हती, अब्बा सोडून.

निरोप मुमताजखालांनीच आणला होता. मुलगी पसंत आहे, घराणं पसंत आहे, पण मुलीचा बाप बाता मारतो असं कानावर आलंय, ते कितपत खरं? हुसेनचाचांचं तरी काय चुकलं? त्यांच्या थोरल्या मुलीला सासरच्यांनी थापा मारून फसवलं होतं. गोदी आहे म्हणाले, बागा आहेत म्हणाले, आणि निघाली एक फुटकी होडी. तेव्हापासून फुगवून बोलणाऱ्या माणसाची त्यांना शिसारी होती.

आणि अब्बांची कीर्ती तर जहऱ्यापर्यंत पोचलेली. खैतानात त्यांना इद्रीस कुणी म्हणत नसे, 'अस्वलवाले' म्हणत. शुक्रवारच्या नमाजानंतर चहाच्या दुकानात कुणीतरी हटकून विचारायचा, "काय अस्वलवाले, आज थंडी कशी काय?" दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. अब्बा मात्र नीट विचार करून उत्तर द्यायचे, की आज तशी थंडी नाही, तिकडे तर दाढीच्या केसांवर बर्फ धरायचा. मग सगळं दुकान खो खो हसायचं. अब्बांना वाटायचं, लोकांना गोष्ट आवडली.

हुसेनचाचा शुक्रवारी येणार होते. सगळी तयारी शुक्रवारची. अम्मा नारळाची करवंटी बाजूला ठेवते न ठेवते तोच बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि मुमताजखाला धावत आल्या. "सुगरा, ते आजच आले गो! उद्या त्यांच्या भाच्याचा ट्रक बसऱ्याला जायचा हाय."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. नारळ पलंगाखाली गेला, तांदूळ माझ्या ओढणीत. गालिचा झटकला तशी आतल्या खोलीची धूळ बाहेरच्या खोलीत आली. बाहेरही धुळीचं वादळ उठायच्या बेतात होतंच. हुसेनचाचा आत आले. उंच, वाळके, पांढरी टोपी. मागून नूरबानूचाची, गोल चेहऱ्याच्या, हातात मिठाईचा डबा. रफीक आला नव्हता. तशी रीतच होती, पण मी तरी एकदा ट्रककडे बघून घेतलं.

मी सब्जाचं सरबत केलं. अब्बांनी कारखान्यातून आणलेला बर्फाचा तुकडा फोडून प्रत्येक ग्लासात घातला. मी तबक घेऊन बाहेर गेले आणि आमच्या गावाकडच्या रिवाजाप्रमाणे पहिला ग्लास अब्बांपुढे धरला. मुलीच्या बापाने पहिला घोट घेतला की बोलणी पक्की. तोवर पाहुणे ग्लासाला तोंड लावत नाहीत. बापाने ग्लास परत केला तर पाहुण्यांनी मुकाट उठून जायचं, पुन्हा त्या घरी सोयरिकीचा विषय काढायचा नाही.

अब्बांनी ग्लास हातात घेतला. मी पाहुण्यांचे ग्लास त्यांना दिले. अब्बांनी आपला तोंडाजवळ नेला आणि त्यांचा हात थांबला.

त्या क्षणी मला आणि दारामागच्या अम्मालाही एकदमच आठवलं. गुरुवार होता. गुरुवारी अब्बांचा रोजा असतो.

त्यांनी ग्लास तबकात परत ठेवला.

हुसेनचाचांनी आपला ग्लास जमिनीवर ठेवला. "आमचा काय चुकला काय, इद्रीसभाय?"

"चुकला काय नाय. मना रोजा हाय."

"रमझान होऊन दोन म्हैने झाले."

"हाय खरा."

"नफील रोजा असल तर पाव्हन्यांसाठी सोडता येतो. आमच्या बापानं सोडलेला मी बघितलाय."

"नफील नाय," अब्बा म्हणाले. "कजा हाय."

नफील म्हणजे आपखुशीचा रोजा; कजा म्हणजे राहून गेलेला, मागाहून भरून द्यायचा. तो असा मधेच मोडता येत नाही. हुसेनचाचांची नजर बारीक झाली. "कजा? आमी तर ऐकला, तुमी रमझानभर मशिदीत होताव. आजारी नव्हताव. मग कनच्या सालचा राहिला? आनि कशापायी?"

अब्बांनी अम्माच्या दाराकडे पाहिलं. दाराचा पडदा हलला नाही. जबान दिलेली होती. त्यांनी मान खाली घातली. खैतानमधल्या यच्चयावत माणसांना न विचारता जी गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती आज कुणीतरी स्वतःहून विचारत होतं आणि त्यांना सांगता येत नव्हती. त्यांचा अंगठा तबकाच्या कडेवरून फिरत होता. मला त्यांची फार दया आली.

"बरा," हुसेनचाचा म्हणाले. रोजे बुडवणारा आणि कारण न सांगणारा बाप म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी उठायला हात टेकला. "चल, नूरबानू."

तबक माझ्याच हातात होतं. माझं लग्न उठून दाराकडे निघालं होतं. आणि माझ्या मनात आलं, अम्माने जबान अब्बांकडून घेतली आहे, माझ्याकडून नाही.

"चाचा, बसा," मी म्हणाले. "एक्कावन सालचा रोजा हाय तो. मी सांगते."

आतून अम्माचा दबलेला आवाज आला, "सुरैया!" मी ऐकलं नाही. ज्या मुलीला मागणी घालायला आले तीच पाहुण्यांना बसा म्हणते, हे नूरबानूचाचींना इतकं नवीन होतं की त्या खरंच बसल्या. त्या बसल्या म्हणून चाचाही बसले.

मी सांगितलं. लहानपणापासून पाठ होतं, अडखळायचं कारण नव्हतं. अब्बा तेव्हा जहाजावर भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. त्यांचं मालवाहू जहाज विलायतेत दुरुस्तीला लागलं आणि सगळे खलाशी रिकामे बसले. तेव्हा एका छोट्या जहाजाला घाईने भंडारी हवा होता. आपल्या लाँचीहून थोडं मोठं, इतकंच. सगळे उतारू एकाच पंगतीला जेवायला बसू शकत. हे उतारू पैसे भरून बर्फ बघायला निघाले होते. अब्बांना याचा अचंबा आजतागायत आहे. इतकी वर्षं बर्फ विकून पोट भरतोय, पण नुसता बघायचे पैसे कुणी देऊ केले नाहीत, असं ते म्हणतात.

नॉर्वेच्याही वर, उत्तरेला जिथे गाव नाही, झाड नाही, अशा बेटांमध्ये ते जहाज शिरलं. डोंगरांच्या खिंडीतून बर्फाच्या नद्या समुद्रापर्यंत आलेल्या, निळ्या, जागच्या जागी थांबलेल्या. मधेच घराएवढा तुकडा तुटून पाण्यात पडायचा, तोफेसारखा आवाज व्हायचा आणि मागाहून येणाऱ्या लाटेने अब्बांच्या डेगी चुलीवरून घसरायच्या. किनाऱ्यावर सुळेवाले वालरस भाताच्या पोत्यांसारखे एकमेकांवर पडून घोरत. आणि एके दिवशी बर्फावर पांढरं अस्वल दिसलं, मागे दोन पिल्लं. कप्तानाने इंजिन बंद केलं. साहेब लोक दुर्बिणी लावून उभे राहिले, पण अस्वल लांबच. अब्बा खलाशांच्या रश्शासाठी कांदा तळत होते. वारा तिकडे वाहत होता. अस्वलाने नाक वर केलं आणि ते सरळ जहाजाकडे चालू लागलं. कप्तानाचा निरोप आला, भंडारी, जे काय करतोस ते थांबवू नकोस. अब्बांनी त्या दिवशी आठवड्याचा कांदा तळून टाकला.

नूरबानूचाचींनी पदराआड तोंड लपवलं. हुसेनचाचा हसले नाहीत. "आनि रोजा?" ते म्हणाले.

"त्या साली रमझान जूनमधी आला, चाचा. आनि तिकडं जूनमधी सूर्य बुडत नाय. गोल फिरतो नि परत वर येतो."

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत, म्हणून मी पुढे गेले. सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने सांगितलं, इद्रीस, तू मुसाफिर आहेस, मुसाफिराला रोज्याची सूट असते, घरी जाऊन भर. पण अब्बा तेव्हा पंचविशीतले आणि हट्टी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवलं आणि गावाकडे सूर्य बुडत असेल त्या वेळेला रोजा सोडायचं ठरवलं. साहेबांची दुपारची जेवणं उरकायची तेव्हा अब्बा डेकवर डोक्यावर ऊन घेऊन, हातात खजूर धरून घड्याळाकडे बघत बसायचे. महिनाभर असं केलं. परत विलायतेच्या बंदराला लागल्यावर दुसऱ्याच्या घड्याळाशी आपलं लावून बघतात तर काय, थंडीने त्यांचं घड्याळ कित्येक तास मागे पडलेलं. कुठल्या दिवसापासून पडलं ते अल्लाला ठाऊक. म्हणजे गावाकडे उजाडल्यावर यांची सेहरी, रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, चाललेली. एकही रोजा खात्रीचा राहिला नाही. नंतर त्यांनी तीन मौलवींना विचारलं. तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या आणि अब्बांनी त्यातली सगळ्यात अवघड निवडली. सगळे रोजे परत धरायचे. कधी दुखणं, कधी दोन पाळ्या, असं करता करता वर्षं गेली. काही अजून बाकी आहेत, ते यंदा दर गुरुवारी धरतात.

"लोक म्हनतात, अस्वलवाले बाता मारतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "बात मारनारा मानूस बातेचे रोजे भरतो काय, चाचा? ते बी बर्फाच्या कारखान्यात? दिवसभर हातात बर्फ, नि जिभेला थेंब नाय?"

पडद्यामागे अम्मा रडत होती. मला ते ऐकू येत होतं, आणि ती दुःखाने रडत नव्हती हेही कळत होतं. अब्बांनी मान वर केली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "जबान मोडली नाय हां मी, सुगरा."

हुसेनचाचांनी आपल्या ग्लासाकडे पाहिलं. मग त्यांनी तो उचलला आणि माझ्या तबकात परत ठेवला. त्यांनी नूरबानूचाचींचाही ग्लास काढून घेतला आणि तोही ठेवला.

"पहिला घोट मुलीच्या बापाचा," ते म्हणाले. "सूर्य बुडून मगरीब व्हायला थोडाच टायम हाय. आमी बी थांबतो."

नूरबानूचाचींनी इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न अखेर विचारला. "इद्रीसभाय, ती पिल्ला केवढी होती वो?"

अब्बांनी पडद्याकडे पाहिलं. "सांगा आता," अम्मा आतून म्हणाली, आणि अब्बांचे दोन्ही हात आपोआप हवेत गेले, पिल्लाच्या मापाने.

बाहेर वारा सुटला होता. खिडक्या लावल्या तरी धूळ येत होती आणि मशिदीची अजान ऐकू येईल अशी आशाच नव्हती. अब्बा रोज मगरीबला गच्चीवर जायचे आणि सूर्य पुरता बुडेपर्यंत उभे राहायचे. ही त्यांची जुनी सवय. तो बुडताना बघून त्यांना बरं वाटतं, असं ते म्हणत. त्या दिवशी आम्ही सगळेच त्यांच्यामागून गच्चीवर गेलो. मी तबक घेऊन, अम्मा डोळे पुसत, नूरबानूचाची धापा टाकत. पश्चिमेला धुळीचा पडदा उभा होता आणि त्यात सूर्य कुठे दिसेना.

"गेला की वो," नूरबानूचाची म्हणाल्या.

"नाय," अब्बा म्हणाले. डोळ्यांवर हात धरून ते तिकडेच बघत होते. "ही धूळ हाय. तो अजून हाय मागे."

हुसेनचाचांच्या मनगटावर घड्याळ होतं, चांगलं, स्विस. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते म्हणून मला दिसलं. त्यांनी सदऱ्याची बाही ओढून ते झाकून टाकलं.

आम्ही थांबलो. धुळीचा पिवळा रंग तांबूस झाला, मग मळकट झाला. ग्लासातला बर्फ केव्हाच विरघळला होता.

"इद्रीसभाय," हुसेनचाचांनी हळूच विचारलं, "तुमीच सांगा. बुडला काय?"

अब्बा आणखी क्षणभर बघत राहिले.

"बुडला," ते म्हणाले.

हुसेनचाचांनी तबकातला पहिला ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी अब्बांपुढे धरला.