सोबतीला आत्या

शथाला कराक शहरातल्या संगणक वर्गात जागा मिळाली, तेव्हा तिच्या बापाने, आतेफने, एकच अट घातली. "ताई रोज सोबत बसणार असेल तर जा."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण नौफा. सत्तेचाळीस वर्षांची विधवा, सहावीतच शाळा सुटलेली. त्यांच्या तफीला गावाहून कराक बसने तासाभरावर. मागच्या बाकावर बसून मुलूखियाच्या भाजीची पानं खुडायची आणि दुपारी पोरीला घेऊन परतायचं, एवढंच तिचं काम.

दुसऱ्या आठवड्यात मुलींनी पाण्याची पाळी फोनवर कळवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. शथाने आपल्या गल्लीसाठी लिहिलं, मंगळवार, सकाळी सहा.

"चूक," मागून नौफा म्हणाली.

"आत्या, तू गप्प बस ना." शथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गप्प कशी बसू? सहाला पाणी खालच्या गल्लीत येतं. त्यांच्या टाक्या भरल्या की मग आपल्याकडे चढतं. तुझ्या निरोपावर विसंबले तर चार तास कोरड्या नळाशी बसेन."

शिकवणाऱ्या हनादी मॅडम जवळ आल्या. "मावशी, सगळ्या गल्ल्यांचं माहीत आहे तुम्हाला?"

"वीस वर्षं टाक्या भरतेय."

"मग या इकडे. 'जर' आणि 'तर' एवढंच लिहायचंय."

नौफा हात पुसून खुर्चीवर बसली. एका बोटाने एक अट लिहायला तिला पाऊण तास लागला. प्रोग्राम चालला. परतताना बसमध्ये तिने शथाला विचारलं, "आणि पाणी आलंच नाही तर? ते कुठे लिहायचं?"

महिनाअखेरीस आतेफ कुरकुरायला लागला. "दुकानात लोक विचारतात, तुझी पोरगी रोज कुठे जाते."

"सांग, आत्याबरोबर जाते," नौफा म्हणाली.

"आणि आत्या कुठे जाते?"

"शिकायला. तुला सांगायची लाज वाटत असेल तर मी येऊन सांगते."

आतेफने पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सहा पोरी वर्गाला निघाल्या. प्रत्येकीची आई येऊन एवढंच विचारून गेली, "नौफा आहे ना बरोबर?" त्या वर्षी हजेरीपटावर सातवं नाव नौफाचं होतं. परीक्षेत ती नापास झाली. दुसऱ्यांदा बसली आणि कशीबशी पास झाली. शथा तोवर राजधानीत, अम्मानच्या विद्यापीठात शिकायला गेली होती. तिला सोडायला आतेफ स्वतः गेला होता.