उत्तरेकडच्या भिंतीची ओल

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात, हे तुम्ही लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलात. पण भिंतीलाच काही सांगायचं असेल तर तिनं काय करावं, हे कुणी सांगितलं नाही. मला आयुष्यात एकदाच काहीतरी सांगायचं होतं आणि तेव्हा माझा जीव कसा टांगणीला लागला होता, ते आता ऐका.

अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचा उंचावरचा, कोरडा मुलूख आहे. तिथल्या एका लहानशा गावात मातीच्या विटांचं जुनं चर्च आहे. त्याची उत्तरेकडची भिंत म्हणजे मी. परदेशातून पाद्री आले, त्यांनी हुकूम सोडला आणि इथल्या मूळच्या प्युब्लो लोकांच्या बायकांनी चिखल तुडवला, त्यात गवत कालवलं, उन्हात विटा वाळवल्या आणि मला उभं केलं. चर्च मात्र पाद्र्यांचं म्हणूनच ओळखलं जातं. चालायचंच.

मातीच्या भिंतीला दरवर्षी माणसाचा हात लागतो. पावसानं, बर्फानं अंग झिजलं की गावातल्या बायका ओला चिखल घेऊन मला लिंपायला यायच्या. लिंपता लिंपता गप्पा, उखाळ्यापाखाळ्या, सासवांच्या नावानं बोटं मोडणं, सगळं चालायचं. मला ते फार आवडायचं. मग कुणाला तरी शहाणपण सुचलं, की दरवर्षीची कटकट कशाला, बाहेरून एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाकू. केला. मी इतकी टणक, गुळगुळीत झाले की सुरुवातीला माझं मलाच कौतुक वाटलं.

पण मातीला श्वास लागतो हो. आत शिरलेलं पाणी तिला बाहेर टाकावं लागतं आणि सिमेंटनं ती वाटच बुजवली. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी छपराची पन्हळ फुटली. बर्फ वितळलं की पाणी माझ्या पाठीत झिरपायचं आणि तिथंच मुरायचं. वरून ठणठणीत दिसणारी मी खालून चिखल होत चालले होते.

मी खुणा केल्या नाहीत असं नाही. तडा दाखवला, तर लोकांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. किती जुनं, किती सुंदर, म्हणाले. बाकावर माती सांडली, तर रुमालानं झटकून बसले.

तो मार्च महिना होता. बर्फ भराभर वितळत होतं आणि मला कळून चुकलं होतं, की आता आपला भार आपल्याला पेलणार नाही. पडण्याचं दुःख नव्हतं. मातीचं ते, कधीतरी मातीत जायचंच. धास्ती होती ती आपण पडू तेव्हा खाली कोण असेल याची. त्या दुपारी चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा होता. चर्चची किल्ली सांभाळणारी इसाबेल, सत्तरी ओलांडलेली, तिच्या भाचीचं बाळ ते. इसाबेलनं सकाळीच खुर्च्या मांडल्या. जागा पुरेना, म्हणून एक रांग थेट मला चिकटून लावली.

अशा वेळी ते तिघं चर्च बघायला आले. टेक्सासमधल्या अर्विंगहून गाडीनं. विवेक, मूळचा नागपूरचा. त्याची लेक रुही, शाळेला सुट्टी लागलेली, अमेरिकेतच जन्मलेली. आणि विवेकची आई अंजना, निवृत्त शिक्षिका, काही महिन्यांसाठी लेकाकडे आलेली. तुम्ही विचाराल, मला मराठी कशी कळली? अहो, माझ्या आसऱ्याला इतक्या भाषांतली माणसं येऊन रडली आहेत, की आता कुठलीच भाषा परकी वाटत नाही.

दारातच अंजनाबाई थांबल्या आणि वाकून बूट काढू लागल्या.

"आई, अगं चर्चमध्ये कुणी शूज काढत नाही," विवेक हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. विहारात काढते, तसे इथंही काढते. कुणाचंही असो, लोक हात जोडतात त्या जागी पायताण नको."

रुही पार कानकोंडी झाली. आपण यांच्यातल्या नाहीच असं दाखवत ती पुढं निघून आली आणि नेमकी माझ्या सगळ्यात भिजलेल्या कोपऱ्याशी खुर्चीवर बसून चित्र काढायला लागली.

इसाबेल विवेकला चर्चचा इतिहास सांगत होती. अंजनाबाई मोज्यांवर चालत, एकेक गोष्ट निरखत माझ्या कडेनं आल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी एक पाय उचलून पाहिला. मोजा ओला होता. पाणी सांडलंय का म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर तसं काही नव्हतं. चार पावलं पुढं जाऊन त्यांनी दुसरा पाय टेकवला. तिथंही ओल. मातीची जमीन, बाकी सगळे बुटांत, कुणाला कळणार? त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असावी. त्यांनी माझ्या पायाशी तळहात टेकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रुही, त्या बाईंना सांग, भिंत खालून भिजली आहे. इथं कुणाला बसवू नका म्हणावं."

रुहीनं आजीच्या ओल्या मोज्यांकडं पाहिलं. इसाबेलकडं पाहिलं. आणि इंग्रजीत सांगितलं, की माझी आजी म्हणतेय, तुमचं चर्च फार ब्यूटिफुल आहे.

इसाबेल हसली, थँक्यू म्हणाली आणि माझ्या कडेच्या खुर्च्या सरळ करायला लागली. मला ओरडावंसं वाटलं. बाहेर गाड्या येऊन थांबायला लागल्या होत्या. बाळाकडची माणसं उतरत होती.

अंजनाबाईंनी लेकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, जुनं बांधकाम आहे, थोडी ओल असणारच. आपण टुरिस्ट लोक, उगाच कशाला सीन करायचा? चल, निघू या. लंचला लेट होतंय."

माझ्याकडं एकच भाषा होती, ती मी वापरली. रुहीच्या वहीवर चिमूटभर माती सांडली. तिनं ती फुंकून टाकली. मी आणखी सोडली. या वेळी ओलं ढेकूळ पडलं आणि अख्खं चित्र बरबटलं. रुहीनं मान वर केली.

अंजनाबाई तिच्यासमोर येऊन खाली बसल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला भीती वाटली.

"मला इंग्रजी बोलायला जीभ वळत नाही गं, पण ब्यूटिफुल कळतं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याहून लहान होते. आमच्या घराची भिंत अशीच खालून ओली झाली होती. सगळ्यांना दिसत होतं. उद्या बघू, म्हणाले. माझा धाकटा भाऊ तिच्याकडेला झोपायचा."

"व्हॉट हॅपन्ड टू हिम?" रुहीनं विचारलं.

अंजनाबाईंनी तिच्या वहीवरचा चिखल तळहातानं पुसून काढला. विवेक जागच्या जागी उभा राहिला. आपल्याला असा एक मामा होता, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

रुहीनं बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढले. उघडा पाय माझ्या पायाशी टेकवला आणि झटकन मागं घेतला. मग ती तशीच अनवाणी इसाबेलकडं गेली. मघाशी मी खोटं सांगितलं, म्हणाली. आजी म्हणत होती, भिंत भिजली आहे, कुणाला बसवू नका. "प्लीज, टेक ऑफ युअर शूज," ती म्हणाली.

इसाबेलला आधी हसू आलं. मग तिला त्या पोरीचा चिखलानं माखलेला तळवा दिसला. तिनं बूट काढले, माझ्याकडं आली, वाकून माझ्या पायाशी अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. तिच्या आजीनं मला कितीतरी वेळा लिंपलं होतं, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. ती दाराशी धावली, दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि आत येणारी माणसं तिनं मागं लोटली. विवेकनं आई आणि रुहीला धरून बाहेर नेलं.

सुटले, असं मला वाटलं. मी अंग सोडणार, तेवढ्यात इसाबेल परत आत शिरली. वेदीवरची मेरीची लाकडी मूर्ती तिला सोडवेना.

तो वेळ कसा काढला, माझं मला ठाऊक. खालची माती सरकत होती, वरच्या तुळया माझ्या खांद्यावर कुरकुरत होत्या. "बाई, मूर्ती राहू द्या. तुम्ही या," अंजनाबाई दारातून मराठीत विनवत होत्या. इसाबेल मूर्ती उराशी धरून वळली. म्हातारं माणूस, किती पळणार? मी दम धरला. मला बांधणाऱ्या सगळ्या बायकांच्या हातांची शपथ, मी दम धरला. तिचा मागचा पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि मग मात्र माझ्यानं उभं राहवेना.

आता मी अंगणात ढीग होऊन पडले आहे. अंगावर ताडपत्री आहे. गावकऱ्यांनी माझ्यातून सिमेंटचे तुकडे वेचून फेकले, माती ठेवली. उन्हाळ्यात मला पुन्हा भिजवून विटा पाडणार आहेत. पाण्याचं नाव काढलं की अजून अंगावर काटा येतो, पण त्याला इलाज नाही. एवढंच मागणं आहे, की पुन्हा उभी कराल तेव्हा मला कवच घालू नका. दरवर्षी या, हात लावा, तेवढ्यानं भागतं माझं.

बाळाचा बाप्तिस्मा त्याच दुपारी अंगणात, झाडाखाली झाला. अंजनाबाई, विवेक आणि रुही तिथंच थांबले होते. गार पाणी कपाळाला लागल्यावर बाळ जे भोकाड पसरून रडलं, ते मी धुळीत पडल्या पडल्या ऐकलं. मी पडले खरी, पण कुणावर पडले नाही.