अलार्मला दिलेली झेरॉक्स

कंपायलरने, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने, हेमांगीला त्या महिन्यात जेवढं झापलं, तेवढं तिला शाळेत गणिताच्या बाईंनीही कधी झापलं नव्हतं. बरं, झापायचं तेही कसं, तर चूक कुठल्या ओळीत, का, आणि त्याऐवजी काय लिहून बघाल, सगळं सविस्तर सांगून! शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण किती?

आणि ही बाई काय नवशिकी होती का? सी भाषेत प्रोग्राम लिहिण्यात तिची निम्मी हयात गेलेली. कल्याणातल्या तिच्या छोट्याशा कंपनीत केमिकल कारखान्यांसाठी कंट्रोल बॉक्स बनत. टाकीतला माल किती तापलाय ते पडद्यावर दाखवायचं आणि हद्द ओलांडली की बोंब मारायची, एवढंच त्या बॉक्सचं काम. जुने बॉक्स मधूनच अडकून बसायला लागले, तेव्हा मालकांनी, म्हणजे नयन सरांनी, फर्मान काढलं की पुढचा बॉक्स रस्ट नावाच्या नव्या भाषेत. "हेमांगी मॅडम, रस्ट शिकून घ्या." घ्या म्हणे! जशी काही मेथीची जुडीच.

रस्टचा हट्ट असा, की प्रत्येक गोष्टीचा मालक एकच. ती तुम्ही दुसऱ्याला दिलीत की तुमच्या हातून गेली. नुसती बघायला दिली असेल तर तसं आधी बोला, आणि एक जण ती बदलत असताना दुसऱ्याने डोकवायचं नाही. हेमांगीने टाकीचं तापमान अलार्मच्या हवाली केलं आणि पुढच्याच ओळीत सेन्सरला सांगितलं की नवा आकडा त्यात लिही. कंपायलर अडून बसला. अलार्मला दिलंत ना, मग आता कुठून आणणार?

दोन दिवस डोकं आपटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या कल्पिताने तोडगा सांगितला. "मॅडम, क्लोन मारा ना. सगळे तेच करतात." क्लोन म्हणजे सरळ झेरॉक्स. अस्सल सेन्सरकडे, झेरॉक्स अलार्मकडे. हेमांगीने जिथे जिथे ओरडा बसत होता तिथे तिथे क्लोन मारला आणि कंपायलर गप्प झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ही ऑर्डर होती मानपाड्याच्या एका कारखान्याची, आणि ती आणली होती हेमांगीच्या नवऱ्याने. ज्या टाकीला बॉक्स लागणार, तिच्यावरच सुदेश ऑपरेटर. "आमच्या हिचा बॉक्स एकदा लावून तर बघा साहेब," असं त्याने मॅनेजरच्या मागे लागून लागून गळी उतरवलेलं. त्यामुळे चाचणी सावकाश करावी असं हेमांगीला वाटत होतं. पण नयन सरांना मुहूर्त गाठायचा होता, त्यांनी वेळ वाचवायला किटलीत पाणी आधीच उकळून ठेवलं. सेन्सरची दांडी पाण्यात बुडवली, बॉक्सचं बटण दाबलं, आणि अलार्म असा किंचाळला की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. पेढे वाटले, बॉक्स टेम्पोत चढला.

आज कारखान्यात त्याची पूजा होती आणि हेमांगी इकडे कल्याणला रिकामी बसली होती. रिकामी बसली म्हणून तिला तो किडा चावला. आपण कंपायलरला गप्प केलं, पण तो एवढा तळमळून सांगत काय होता?

तिने एकेक क्लोन काढायला सुरुवात केली. काढला की ओरडा, वाचला की थोडं उमगायचं, मग पुढचा. कल्पिता म्हणाली, "चालतंय ना मॅडम, मग कशाला खाजवताय?"

"अगं, अडवत का होता ते तरी कळू दे!"

गंमत म्हणजे तिला मजा यायला लागली. सीमध्ये तिने कधी विचारलंच नव्हतं की हा आकडा कुणाचा. सगळे सगळ्यात हात घालायचे आणि निभायचं. आता ती बोटावर मोजल्यासारखं बघू लागली. तापमानाचा मालक सेन्सर, बरोबर. पडदा सेन्सरकडचाच आकडा बघतो, तेही बरोबर. आणि अलार्म? अलार्म बघतो झेरॉक्स. ती झेरॉक्स निघते कधी? बॉक्स चालू होताना, एकदाच.

"सापडलं!" ती टाळी वाजवून हसली आणि तोंड उघडंच राहिलं. बॉक्स चालू करताना जे तापमान, तेच अलार्मला जन्मभर दिसणार. आपण बटण दाबलं तेव्हा पाणी उकळतं होतं, म्हणून तो वाजला. कारखान्यात टाकी थंड असताना बटण दाबणार. मग ती पुढे कितीही तापू दे, हा मुकाच. आणि टाकीशेजारी सुदेश उभा!

तिने फोन लावला. मागे घंटा वाजत होती.

"अगं, आरती चालू आहे," सुदेश कुजबुजला. "बॉक्स सकाळीच चालू केलाय, मस्त दिसतोय. नारळ फुटला की टाकी तापवायला वाफ सोडणार."

"सोडू नका! अलार्म वाजणार नाही."

"म्हणजे काय? तुझाच प्रोग्राम ना?"

"माझाच आहे आणि माझंच चुकलंय. तुमचा नसेल विश्वास तर दांडी बाहेर काढा आणि कशात तरी गरम बुडवा. हद्द साठ अंशांची आहे."

साहेबांसमोर, हार घातलेल्या बॉक्सला हात लावायचा म्हणजे काय, हे तिला कळत होतं. मग त्याचा आवाज आला, "ए, कँटीनची चहाची किटली आण रे इकडे." आरती थांबली. कुणीतरी "अरे काय चाललंय?" म्हणून खेकसलं.

"बुडवली," सुदेश म्हणाला. "चाळीस... त्रेपन्न... एकसष्ट... अडुसष्ट."

हेमांगीने फोन कानात घुसेल इतका दाबला. आपला अंदाज चुकलेला असू दे, आपण वेड्या ठरलो तरी चालेल, पण वाज रे बाबा. तिकडे पंख्याची घरघर तेवढी होती.

"हेमा, वाजला नाही गं."

"बॉक्स केलाय कुणी हा?" मॅनेजर मागून ओरडले.

"माझ्या बायकोने," सुदेश म्हणाला. "आणि वाजणार नाही हेसुद्धा तिनेच सांगितलं, साहेब. वाफ सोडू नका."