नावावरून गेलेली रेघ

"कारण लिहाच लागते, बेटा. कारणाशिवाय हद्द हलत नाही," निरंजनसाहेब म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

पायल त्यांच्या टेबलासमोर उभी होती. टेबलावर दोन नकाशे होते. एक जुना, ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढलेला, तिच्या बाबांच्या हातचा. दुसरा कॉम्प्युटरमधून निघालेला, रंगीत, गुळगुळीत. दोन्ही एकाच जंगलाचे. त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान व्हायचं होतं. बाबा नोकरीला लागले तेव्हापासून ते व्हायचंच होतं. हद्द प्रस्तावित असेल तर ठिपक्यांनी दाखवायची, अंतिम अधिसूचना निघाली की अखंड रेघेने, अशी पद्धत. देवीदास रामटेके, सहायक मानचित्रकार, यांची उभी नोकरी ठिपके काढण्यात गेली. अखंड रेघ ओढायची वेळ आलीच नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर पायल लागली. टेबल तेच, खुर्ची तीच. खुर्चीवरची उशी तेवढी आई घरी घेऊन गेली होती.

"जुन्या नकाशात कोसमपाट आत आहे," पायल म्हणाली. "नव्यात बाहेर."

"दिसून राहिलं मले."

कोसमपाट म्हणजे डोंगरावरचं एक लांबट पठार; अशा पठाराला तिकडे पाट म्हणतात. तिथे बारा महिने वारा, म्हणून एका कंपनीने पवनचक्क्यांसाठी अर्ज टाकला होता. नियम सरळ होता. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत प्रस्तावित हद्द हीच हद्द मानायची. तिच्या आत पवनचक्की नाही. बाहेर असेल तर हरकत नाही. फाइल उद्या दुपारी वर जाणार होती आणि तिला नवा नकाशा जोडलेला होता.

घोळ कुठे झाला हे नकाशा शाखेत सगळ्यांना बघताक्षणी कळलं होतं. हद्दीची रेघ कुठल्या नावावरून न्यायची नाही हा जुन्या मानचित्रकारांचा रिवाज, आणि बाबांचा तर हट्टच. रेघ नावापाशी आली की पेन उचलायचं, नाव ओलांडायचं आणि पलीकडे पुन्हा टेकवायचं. "गाव लहान असो की मोठं, त्याच्या अंगावरून चालू नाही," ते म्हणत. कोसमपाट अरुंद, चढउतारांच्या रेघांनी गच्च भरलेला. नाव लिहायला मोकळी जागा होती ती नेमकी हद्दीवर. म्हणून बाबांनी तिथे नाव लिहिलं आणि ठिपके तेवढ्यापुरते थांबवले. त्या काळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नसे.

मग नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. ते काम एजन्सीकडून आलेल्या परागने केलं. त्याला हद्द तुटलेली दिसली. कॉम्प्युटरला तुटलेली हद्द चालत नाही, ती कुठेतरी जुळवावीच लागते. जवळच पाटाखालून नाल्याची रेघ जात होती. त्याने तिच्यावरून हद्द जुळवली, आणि कोसमपाट जंगलाबाहेर पडला.

"दोन रस्ते आहेत," निरंजनसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटरवाल्याची चूक लिहिली तं एजन्सीले नोटीस जाते. एजन्सी उत्तर देते, चौकशी बसते. चौकशी होयेपर्यंत नवाच नकाशा कायम. फाइल निघून जाईन अन् पराग त्याच दिवशी घरी बसन."

"आणि दुसरा?"

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "मूळ आरेखनातील त्रुटी. गेलेल्या माणसावर चौकशी नसते. उद्या सकाळी दुरुस्ती, दुपारी फाइल बरोबर नकाशासंगं वर."

"त्रुटी नव्हती ती, साहेब."

"मी देवीदासभाऊसंगं त्या पाटावर गेलो होतो, पायल. वाऱ्यानं कागद उडाला तं चपला काढून त्याच्यावर ठेवल्या होत्या त्यानं, अन् अनवाणी हिंडला. मले माहीत नाही का? सगळ्या शाखेले माहीत आहे." त्यांनी फाइलवर बोट टेकवलं. "रकान्याले माहीत नाही."

कॉम्प्युटरच्या खोलीत पराग एकटाच होता. डबा उघडून ठेवलेला, पण जेवत नव्हता.

"दीदी, मेरा नाम डाल दो," तो म्हणाला. "गलती तो मेरी है न. अंकल से एक बार पूछ लेता तो बता देते. उस टाइम वो अस्पताल में थे, तो मैंने सोचा, क्या परेशान करना."

ती 'नको' म्हणेल याची तो वाट पाहत होता. हे त्याला कळत होतं आणि तिलाही. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती, पेढे अख्ख्या शाखेने खाल्ले होते.

पायल स्क्रीनवरची नाल्याची रेघ पाहत राहिली.

"वैसे दीदी, पवनचक्की कोई खराब चीज़ तो नहीं है," तो हळूच म्हणाला. "कोयला तो नहीं जलता."

उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ रोज खिडकीवरून पुसणाऱ्या माणसाला पवनचक्कीला नावं ठेववत नाहीत. वारा मोठा की जंगल, हे ठरवणारी ती कोण? पण बाबा तो पाट पायांनी हिंडून आले होते आणि त्यांनी तो आत धरला होता. तो बाहेर काढायचाच असेल तर कुणीतरी विचार करून काढावा. नाल्याची रेघ जवळ सापडली म्हणून नको.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई, कलावती, जमिनीवर बसून स्टीलचे पेले पुसत होती. पुढच्या रविवारी बाबांचा पहिला स्मृतिदिन. विहारात वंदना झाल्यावर हे पेले तिथेच दान द्यायचे होते.

"गोल बाजारातून आणले. हे पाह्य, नाव कोरून देलं त्यानं." आईने पेला उजेडात धरला. बारीक ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं होतं: दिवंगत देवीदास रामटेके, सहायक मानचित्रकार. "दुकानदार म्हणे, माताजी, पोस्ट काहून लिहिता? म्या म्हटलं, तू कोर. तुह्या घरचं जाते काय?"

पायल तिथेच टेकली. पर्सही खांद्यावरून न काढता तिने सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता पेले पुसत राहिली.

"मंग त्यायचं नाव येईन कागदावर?"

"येईल."

"चुकले म्हणून?"

"हो."

"अन् नाही लिहिलं तं?"

"तर पाट बाहेरच राहील. नाहीतर परागचं नाव लिहायचं. म्हणजे त्याचं काम जाईल, आणि पाटही राहील बाहेरच."

आईने फडकं मांडीवर ठेवलं. "पराग म्हणजे तोच ना, ज्यानं खांदा देला होता? घाटापर्यंत बदललाच नाही तो पोट्टा. दुसरे घेतो म्हणत होते तं ऐके ना."

"तोच."

आईने पुसलेले पेले एकात एक रचले.

"एवढी वर्षं नोकरी केली," आई म्हणाली. "लोकायले मेमो भेटे, सस्पेन होत. तुह्या बाबाले एकही नाही. घरी येऊन सांगत मले, जसं काही मेडलच भेटलं." ती किंचित हसली. "भेटू दे आता एक. कोणतं प्रमोशन अडून रायलं त्यायचं?"

पायलही हसली. मग दोघींनाही हसू आवरलं नाही, आणि ते हसू कुठे संपलं ते पाहायला नको म्हणून आई पाणी आणायला उठली. स्वयंपाकघरातून म्हणाली, "पेल्यावरचं नाव राहू देतो म्या. ते खरं हाये."

सकाळी पायलने टिपण लिहिलं. कारण: मूळ आरेखनातील त्रुटी. मूळ आरेखक: दे. रामटेके. दुरुस्ती करणार: पा. रामटेके. निरंजनसाहेबांनी वाचलं, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

आता मूळ नकाशावर हद्द जोडायची होती. तसं केल्याशिवाय दुरुस्ती धरली जात नाही.

"नाव ब्लेडनं खरवडून टाक अन् बाजूले लिही," साहेब म्हणाले.

"बाजूला जागा नाही, साहेब."

जागा नव्हती हे खरंच होतं. असती तरी ती अक्षरं तिच्या हातून खरवडली गेली नसती.

तिने कापड टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर वजनं ठेवली. बाबांचं पेन काढून हलवलं, फाटक्या कागदावर चालवून पाहिलं. वर पंखा गरगरत होता, कापडाची कड फडफडत होती. शाईचं काम असलं की बाबा पंखा आणि कूलर दोन्ही बंद करायचे, भर मे महिन्यातसुद्धा. "लो, रामटेकेजी की भट्ठी चालू हो गई," असं ओरडून लोक फायलींनी वारा घेत, बाबांना टोमणे मारत. बाबा मान वर करत नसत. ते गेल्यापासून शाखेत कुणी शाई काढलीच नव्हती.

पायल बटणाकडे जायला उठणार तोच पंखा मंदावला. बटणांपाशी पराग उभा होता. त्याने कूलरही बंद केला आणि तिथेच भिंतीला टेकून राहिला.

तिने पेन टेकवलं. 'को'च्या कान्यावर पहिला ठिपका पडला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. जमेल तितके बारीक ठिपके ती काढत गेली. एक 'म'च्या पोटात पडला, एक 'ट'च्या कडेवर. हद्द जुळली. नाव अजून वाचता येत होतं.

जुनी शाई सावकाश वाळते. खोली तापत गेली. सगळ्यांच्या पाठींना सदरे चिकटले, कपाळावरून घाम ओघळायला लागला. कुणीतरी वारा घ्यायला फाइल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.